नाताळच्या दिवशी आम्हाला वेगवेगळं बसवू नका: मराठी मंडळ्यांच्या पास्टरेट कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद,
पुणे, मुंबई, नाशिक आणि जिथे जिथे मराठी मंडळी उपासनेला जमते तिथे.

जय ख्रिस्त.

हे पत्र मी आधी फक्त आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, कारभार पाहणाऱ्या कमिटीला लिहिणार होते. पण उन्हाळ्यात लग्नांच्या निमित्ताने नाशिक, सोलापूर, मुंबई असं फिरणं झालं. जिथे गेले तिथे नात्यातल्या, ओळखीतल्या बायकांनी तेच सांगितलं जे वर्षभर माझ्या मनात सलतंय. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या नाताळला आमच्याकडे उपासनेचे तीन भाग झाले. सकाळी सातला मराठी उपासना. नोटीस बोर्डावर पुढे कंसात लिहिलं होतं, 'ज्येष्ठांसाठी'. साडेनऊला इंग्रजी उपासना, तरुणांसाठी, बँड आणि मोठ्या पडद्यासह. त्याच वेळी मागच्या हॉलमध्ये संडे स्कूलच्या मुलांची वेगळी. जी कारणं सांगितली गेली ती खोटी नव्हती. सणाला मंदिरात माणसं मावत नाहीत. मुलं इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांना मराठी गीताच्या ओळी भरभर वाचता येत नाहीत. तरुण मुलं कंटाळून बाहेर उभी राहतात. कमिटीतली माणसं चांगली आहेत, सणाच्या आदल्या रात्री दोन-दोन वाजेपर्यंत राबतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही.

सातच्या उपासनेला आम्ही एकेचाळीस जण होतो. मी पेटीवर असते, त्यामुळे सगळे चेहरे मला समोर दिसतात. शाली, कानटोप्या, स्वेटरवर नेसलेल्या चांगल्या साड्या. तबल्याला कोणी नव्हतं, कारण आमचा तबला वाजवणारा मुलगा साडेनऊला ड्रमवर होता आणि रात्री उशिरापर्यंत त्यांचं साउंड चेक चाललं होतं. उपदेश दहा मिनिटांत आटोपला, आठ वाजता स्टेज मांडायचं होतं. आशीर्वादाची प्रार्थना झाली, आम्ही बाहेर आलो. एरवी नाताळच्या उपासनेनंतर अंगणातून तासभर कोणाचा पाय निघत नाही. कोणाचं बाळ कोणाच्या कडेवर आहे ते कळत नाही. त्या दिवशी आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले, सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि रिक्षा शोधायला लागलो. माझी नातवंडं त्या वेळी घरी अंघोळी करत होती.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. मुलगा, सून, नातू सगळे याच शहरात, याच मंडळीत, पण साडेनऊच्या उपासनेला. गेटपाशी माझा दंड धरून त्या म्हणाल्या, "बाई, आज सणाला आल्यावानी वाटलंच नाही गं. मयतीला आल्यावानी वाटलं." मला उत्तर सुचलं नाही. वर्ष झालं, अजून सुचलेलं नाही. म्हणून तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे.

मी मूळची शेवगाव तालुक्यातली. आमचं मंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली, आत सतरंजी, एका कोपऱ्यात पाळकांचं टेबल. बाक नव्हतेच. दिवाळी झाली की निम्मा गाव उसतोडीला जायचा, आमच्या मंडळीतली कुटुंबंही बैलगाडीत संसार टाकून कारखान्यावर जायची. राहिलेल्या पोरासोरांनी कामट्यांचा तारा करायचा, त्याला पतंगाचा कागद डकवायचा आणि आत कंदील ठेवून तो बांबूवर चढवायचा. चोवीस तारखेच्या रात्री भजन घेऊन घरोघर जायचं. पुढे गॅसबत्ती, मग ढोलकी, झांजा, आणि दोघांनी उचललेली पेटी. आमच्या भागातून त्या दिवसांत धनगरांचे कळप कोकणाकडे उतरत असतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. शिवाराच्या टोकाला त्यांची शेकोटी दिसायची आणि आम्ही मुलं घाबरत, हसत तिथवर जाऊन भजन म्हणून यायचो. रात्री रानात मेंढरं राखत जागे असलेल्या माणसांना पहिली बातमी कळली, हे लूकच्या शुभवर्तमानातलं वाक्य मला कधी कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आमचे त्या वेळचे पाळक चोवीसलाच दुपारी सायकल काढायचे आणि कारखान्यावरच्या कोप्यांवर जायचे. तिथे आमची जी चार-सहा घरं असत, त्यांना घेऊन उसाच्या पाचटावर बसून उपासना करायचे, प्रार्थना करायचे आणि रात्री परत यायचे. दुसऱ्या दिवशी उपासनेत त्या घरांची नावं घेतली जायची. ते तिथे होते, आम्ही इथे होतो, मैलांचं अंतर होतं, पण उपासना एक होती. हे मला आता फार आठवतं, कारण आता आम्ही एका कंपाउंडमध्ये असून वेगळे बसतो.

सणाच्या दिवशी सकाळी करंज्या, शेव, चकल्या, अनारसे. दिवाळीला ज्या घरांतून ताटं आलेली असत त्या घरांना रुमाल घालून ताट परत जायचं. उपासनेला हिंदू शेजारीही यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत तेही गायला लागायचे. वाचता न येणारी माझी आजी सगळ्यांत पुढे. तिला पन्नाससाठ गीतं कडव्यांसकट पाठ होती. पुस्तक तिने आयुष्यात उघडलं नव्हतं.

खरं तर या पत्रात मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भजन कसं चालतं ते आठवून पाहा. पुढे गाणारा ध्रुपद, म्हणजे गीतात फिरून फिरून येणारी ओळ, म्हणतो. मंडळी ते झेलते. तो पुन्हा म्हणतो, मंडळी पुन्हा झेलते, टाळीवर किंवा झांजेवर. मग तो कडव्याची एक ओळ टाकतो, तीच ओळ मंडळी म्हणते, आणि सगळे मिळून ध्रुपदावर येतात. हळूहळू लय वाढते. या रचनेत पुस्तकाची गरज कुठेच नाही. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही तो दुसऱ्या फेरीला बरोबरीने गात असतो. पुढे गाणारा आणि मागे गाणारे असा भेद आहे, पण गाणारे आणि ऐकणारे असा भेद नाही. दुष्काळाच्या वर्षांनंतर नगर जिल्ह्यात गावंच्या गावं मंडळीत आली, त्यात लिहिता-वाचता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ती माणसं एका आवाजात देवाची स्तुती करू शकली ती या रचनेमुळे.

आता आपल्या मुलांकडे पाहा. ती हुशार आहेत, इंग्रजी फाडफाड वाचतात, मराठी बोलतात, समजतात, पण छापील मराठी ओळीवर अडखळतात. मराठी गीतापुरता त्यांचा प्रश्न माझ्या आजीचाच प्रश्न आहे. आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात दीडशे वर्षं आहे. ते वापरायचं सोडून आपण मुलांना वेगळ्या खोलीत पाठवलं.

हे मी नुसतं तर्काने म्हणत नाही. जानेवारीत आमच्या घरी गुरुवारची प्रार्थना होती. माझी नऊ वर्षांची नात शेजारी येऊन बसली. मी तिच्या हातात झांजा दिल्या, पुस्तक दिलं नाही. पहिल्या फेरीला ती नुसती झांजा वाजवत होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिसऱ्या फेरीला तिचं ध्रुपद पूर्ण होतं, उच्चारासह. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बूट घालत ती तेच गुणगुणत होती. शेवटच्या कडव्यातला 'गव्हाण' शब्द तिला कळला नव्हता, तो तिने बापाला विचारला. बापालाही नीट सांगता आला नाही, मग दोघं माझ्याकडे आले. गोठ्यात गुरांना वैरण टाकतात ती जागा, असं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे बाळाला गाईच्या ताटात ठेवलं होतं?" मी चाळीस वर्षं गाते आहे, इतक्या नेमक्या शब्दांत मला ते कधी म्हणता आलं नव्हतं.

काही सभासद म्हणतात, इंग्रजी कॅरल ही ख्रिस्ती लोकांची मूळ परंपरा आहे, भजन ही नंतरची भर. आदराने सांगते, आपल्या मंडळ्यांच्या बाबतीत हे खरं नाही. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली आणि नगरला १८३१ साली. ते लोक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या प्युरिटन, म्हणजे साध्या-कडक धर्माचरणाच्या, वळणाच्या मंडळ्यांतून आले होते. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा केला होता. तो १६८१ साली रद्द झाला, पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडलं. तोवर नगरच्या मिशनला पंचवीस वर्षं झाली होती. ज्यांनी शुभवर्तमान आणलं त्यांच्या घरी हा सण जेमतेम रुजत होता. आपला नाताळ करंजीचा, कंदिलाचा, भजनी फेरीचा झाला तो आपल्याच आजी-पणज्यांच्या हातून.

गाण्याचंही तसंच. सुरुवातीची बरीच गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली होती. आजही आपण ती गातो, मलाही त्यातली कितीतरी प्रिय आहेत. पण पेटीवर बसलं की कळतं, इंग्रजी चालीत जिथे जोर येतो तिथे मराठीत नेमकं ऱ्हस्व अक्षर येतं, आणि 'प्रभु'मधला 'भु' उगाच ताणावा लागतो. ओवीत आणि अभंगात शब्द आपापल्या जागी बसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी नगरमध्ये राहून शेकडो गीतं रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो असं ते सांगत. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आमच्या शेजारच्या तालुक्यात. हा पूल आपल्या दारातच होता, त्यावर चालायला त्यांनी शिकवलं.

आणि इंग्रजी कॅरलबद्दल राग धरावा असंही मी म्हणत नाही. 'सायलेंट नाइट' घ्या, साडेनऊच्या उपासनेत ते दोनदा झालं असं ऐकलं. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं, गिटारवर, जर्मनमध्ये. ज्या काळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, लॅटिनमध्ये होत असे त्या काळी एका धाकट्या पाद्र्याने गावकऱ्यांच्या भाषेत शब्द लिहिले होते आणि शेजारच्या गावच्या मास्तरांनी चाल दिली होती. आज आपण जे इंग्रजी शब्द गातो ते १८५९ साली झालेलं भाषांतर आहे. गावाने गावाच्या भाषेत गावं, हीच त्या गीताचीही जन्मकथा आहे.

गोव्यात काय घडलं तेही एकदा आठवू या. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी आपल्या भाषेत काहीतरी ऐकायला, म्हणायला हवं होतं, त्यासाठी ते रचलं गेलं, आणि देवळांतून ते गायलं जाई. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. आपल्यावर असा कोणी हुकूम काढलेला नाही. वसईच्या कॅथलिक बांधवांना आपल्या भाषेत मिस्सा म्हणायची वाट १९६३ नंतर मोकळी झाली, तोवर लॅटिनच होती. जे त्यांना इतक्या उशिरा मिळालं आणि ज्यावर ते आज जीव टाकतात, ते आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

आपल्यापैकी बऱ्याच मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आल्या. कोणाकडे बिशप होते, कोणाकडे नव्हते. कोणी बाळांचा बाप्तिस्मा करत, कोणी फक्त मोठ्यांचा. त्यांनी वर्षानुवर्षं बसून मार्ग काढला, आणि दोन्ही रीतींना जागा ठेवली. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या तुलनेत फार लहान आहे. आजी आणि नातू एका सकाळी एका छपराखाली कसे बसतील, एवढाच.

माझी मागणी अशी आहे. नाताळच्या दिवशी एकच उपासना ठेवा, नऊ वाजता, सगळ्यांची. जागा पुरत नाही हे मान्य, तर मैदानात मांडव घाला आणि पुढे सतरंज्या अंथरा. मुलं सतरंजीवर आनंदाने बसतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मागे खुर्च्या. मागच्या वर्षी पडदा आणि साउंडवर जो खर्च झाला तो जमाखर्चाच्या सभेत आपण ऐकला आहे, मांडव त्यात होईल. शास्त्रपाठ एक मराठीत, एक इंग्रजीत, तरुणांनी वाचावा. एक इंग्रजी कॅरल असू द्या, आम्हीही म्हणू, आम्हाला येतं. बाकी गीतं भजनाच्या रीतीने, पुढे एकाने सांगायचं आणि मंडळीने झेलायचं. पुढे सांगणारा दर वेळी वेगळा असू दे, एकदा आमच्यातलं कोणी, एकदा कॉलेजातली मुलगी. गिटारही चालेल, पेटीच्या सुराला लावून घेतली की झालं. परदेशी असलेल्या मुलांसाठी मोबाइलवर थेट दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, फक्त कॅमेऱ्यासाठी मंडळीला पाठमोरं उभं राहू नका.

संडे स्कूलच्या मुलांना त्या दिवशी वेगळं नेऊ नका. ती चुळबुळ करतील, मध्येच पाणी मागतील, एखादं रडेल. आमच्या पत्र्याच्या मंदिरात एकदा प्रभूच्या प्रार्थनेच्या मध्यावर एक करडू आत आलं होतं. पाळकांनी ते उचलून कडेवर घेतलं आणि प्रार्थना पूर्ण केली. त्या वर्षीचा उपदेश मला आठवत नाही. ती प्रार्थना आठवते.

फराळही उपासनेनंतर तिथेच होऊ दे. पाकिटबंद केक वाटण्यापेक्षा घरागणिक एक डबा आणू, मंडळीतल्या बायका याला नाही म्हणणार नाहीत, मी विचारलं आहे. ज्यांना एकट्याने येणं होत नाही, त्यांना आणायची जबाबदारी तरुण संघाने घ्यावी. वर ज्या बाईंबद्दल लिहिलं त्यांचं नाव मी या पत्रात देणार नाही, पण यादी करायला बसाल तेव्हा मला बोलवा, अशी अकरा नावं माझ्याकडे आहेत.

तालमीची काळजी करू नका. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारपासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी बसू. शाळेतून आलेल्या मुलांना चहा-बिस्किटं मिळतील. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातली सहा गीतं मी निवडली आहेत, चार चालीला सोपी, दोन जरा अवघड. झांजांच्या तीन जोड्या घरात आहेत.

तबल्याच्या मुलाशी मी बोलले. तो म्हणाला, "आजी, एकच उपासना असेल तर मी दोन्ही वाजवीन, तबला आणि ड्रम." कमिटीची पुढची सभा पंधरा दिवसांवर आहे असं कळलं. तोवर त्याला काय सांगू, ते कळवावं.

आपली बहीण,
भजनी मंडळातली एक सभासद
पुणे